मंगळावरील पुनरारंभ : ‘पाथफाइंडर’च्या संगणकदोषाच्या इतिहासाचे पुनर्वाचन

प्रस्तावना

दि. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे ‘मार्स पाथफाइंडर’ हे यान मंगळावरील एरीस व्हॅलिस या प्रदेशात उतरले. १९७६ मधील दोन ‘व्हायकिंग’ यानांनंतर एकवीस वर्षांनी मंगळपृष्ठावर सुखरूप पोहोचलेले हे पहिलेच यान होते. हवेने फुगविलेल्या पिशव्यांवर उसळ्या घेत उतरण्याची त्याची रीत आणि त्याच्यासोबत गेलेली ‘सोजर्नर’ ही सुमारे साडेदहा किलो वजनाची सहाचाकी गाडी यांमुळे या मोहिमेविषयी जगभर विलक्षण कुतूहल निर्माण झाले होते. यान उतरल्यावर थोड्याच दिवसांत, हवामानाच्या नोंदी घेण्याचे काम सुरू झाल्यानंतर, यानावरील संगणक मध्येच सारे काम टाकून स्वतःला नव्याने सुरू करू लागला. वृत्तपत्रांनी या घटनेचे वर्णन ‘सॉफ्टवेअरमधील बिघाड’ किंवा ‘एकाच वेळी फार कामे करू पाहणारा संगणक’ अशा ढोबळ शब्दांत केले.

संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात या प्रसंगाला पुढे एका दृष्टान्तकथेचे स्थान मिळाले. कार्यप्रणाली हा विषय शिकविणारे प्राध्यापक ‘प्रायॉरिटी इन्व्हर्जन’ या संकल्पनेपाशी आले की पाथफाइंडरचे उदाहरण हमखास देतात. कथेचा प्रचलित सारांश असा, की प्रोग्रामरांकडून एक खबरदारी घेण्याचे राहून गेले, सुदैवाने दोषशोधनाची साधने यानावर चालू राहिली होती, आणि पृथ्वीवरून एक छोटासा प्रोग्राम पाठवून ‘नाही’चे ‘होय’ करताच दोष नाहीसा झाला. कथा सुटसुटीत आहे. तथापि, हे सॉफ्टवेअर ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाले त्यांच्या निवेदनाशी ती अनेक ठिकाणी जुळत नाही. ही तफावत केवळ तपशिलाची नाही. दोष अज्ञानामुळे राहिला की जाणीवपूर्वक घेतलेल्या निर्णयामुळे, हा प्रश्न तिच्यात गुंतलेला आहे. प्रस्तुत लेखात या दोन निवेदनांची तुलना करून त्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

वेळेचे बंधन आणि व्यत्यय

सर्वसामान्य संगणकाने एखादे काम चार क्षण उशिरा केले तर वापरणाऱ्याची थोडी गैरसोय होते. यानाची गती मोजणाऱ्या संगणकाने तेच केले तर योग्य उत्तरसुद्धा निरुपयोगी ठरते. जेथे उत्तराची अचूकता आणि त्याची वेळ या दोहोंना सारखेच महत्त्व असते, अशा ठिकाणी ‘रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टीम’, म्हणजे वास्तवकालीन कार्यप्रणाली वापरली जाते. तिच्यात प्रत्येक कामाला, म्हणजे टास्कला, एक अग्रक्रम दिलेला असतो. बाह्य उपकरणाकडून ‘माहिती तयार आहे’ असा संकेत येतो. त्यास ‘इंटरप्ट’ किंवा व्यत्यय म्हणतात. तो येताच चालू काम थांबते, व्यत्ययाची दखल घेतली जाते आणि त्यानंतर तयार असलेल्या टास्कपैकी सर्वांत वरच्या अग्रक्रमाच्या टास्कला संगणक दिला जातो. खालच्या टास्कला याची पूर्वसूचना नसते. वाक्याच्या मध्यावर लेखणी काढून घ्यावी तसे त्याचे काम थांबते.

या रचनेतील दोष शोधणे हे इतर संगणकीय दोषांच्या मानाने फार अवघड असते. गणिती चूक असेल तर तोच प्रोग्राम त्याच आकड्यांवर पुन्हा चालविला की ती पुन्हा दिसते. येथे मात्र दोष आकड्यांत नसून घटनांच्या क्रमात असतो. एखादा व्यत्यय सेकंदाच्या एका सूक्ष्म अंशाने आधी किंवा नंतर आला, तर काहीच बिघडत नाही. शिवाय दोष पाहण्यासाठी प्रोग्राम मध्येच थांबवावा, तर थांबविल्यामुळेच क्रम बदलतो आणि दोष अदृश्य होतो. निरीक्षणाचे साधन स्वतः थोडा वेळ खाते, आणि ते काढून टाकले की तपासलेली व्यवस्था व प्रत्यक्ष वापरातील व्यवस्था एक राहत नाही.

अवकाशमोहिमांच्या इतिहासात या प्रकारच्या अडचणीचे सर्वांत गाजलेले पूर्वोदाहरण दि. २० जुलै १९६९ चे आहे. ‘अपोलो ११’चे चांद्रयान उतरत असताना त्याच्या संगणकाने काही मिनिटांत १२०२ आणि १२०१ या क्रमांकांचे धोक्याचे इशारे पाच वेळा दिले. या संगणकाची तात्पुरती स्मृती अवघी २०४८ शब्दांची होती. हॅल लेनिंग यांनी रचलेली त्याची ‘एक्झिक्युटिव्ह’ प्रणाली कामांना अग्रक्रमानुसार वेळ देत असे. मातृयानाशी पुनर्भेटीसाठी असलेल्या रडारच्या जोडणीतून त्या दिवशी निरर्थक स्पंदनांचा लोंढा येत राहिला. प्रत्येक स्पंदन मोजण्यासाठी संगणकाचा एक लहानसा कालखंड खर्ची पडे, आणि ही चोरी अग्रक्रमाच्या व्यवस्थेखाली, यंत्राच्या पातळीवरच होत असल्याने ती व्यवस्था तिला रोखू शकत नव्हती. कामे वेळेत संपेनात. नव्या कामांना जागा उरेना. अशा वेळी संगणक स्वतःला पुन्हा सुरू करी, उतरण्यासाठी अत्यावश्यक असलेली कामे जेथे थांबली तेथून पुढे नेई आणि बाकीची टाकून देई. याच पुनरारंभामुळे उतरणे शक्य झाले.

या घटनेचीही एक सोपी कथा रूढ झाली होती : कार्यसूचीतील चुकीमुळे रडारचा स्विच नको त्या स्थितीत राहिला. चांद्रयानाच्या अवतरणाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी एक असलेले डॉन आइल्स यांनी २००४ मध्ये लिहिलेल्या आपल्या लेखात मूळ कारण अधिक खोलवर असल्याचे दाखविले. रडार आणि संगणक यांना मिळणारे ८०० आवर्तनांचे दोन विद्युत्पुरवठे वारंवारतेने जुळलेले होते, पण त्यांची कला जुळविलेली नव्हती. त्या क्षणी त्यांच्यात जो कलाभेद पडला त्याने स्पंदनांचा लोंढा निर्माण केला. व्यवस्थेतील दोषाचे खापर एखाद्या व्यक्तीच्या विसरण्यावर फोडण्याची ही प्रवृत्ती लक्षात ठेवावयास हवी, कारण पाथफाइंडरच्या बाबतीत तीच पुन्हा दिसते. पुनरारंभ हा संकटातील आश्रय मानण्याची परंपराही अपोलोपासूनची आहे.

अग्रक्रम-विपर्यास : सिद्धान्ताची पूर्वपीठिका

अग्रक्रम-विपर्यासाचे स्वरूप महाविद्यालयीन कार्यालयाच्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, कार्यालयात काम करण्यास एकच टेबल आहे आणि वरिष्ठ आला की कनिष्ठाने उठावे असा दंडक आहे. कनिष्ठ लिपिकाने कपाट उघडण्यासाठी किल्ली घेतली. तो ती परत ठेवणार इतक्यात अधीक्षक आले आणि त्याला उठावे लागले. किल्ली त्याच्या खिशातच राहिली. मग प्राचार्य आले. त्यांना त्याच कपाटातील कागद हवा आहे. किल्ली लिपिकाकडे, लिपिकाला टेबल मिळाल्याखेरीज तो आपले काम संपवू शकत नाही, आणि टेबलावर अधीक्षक आपल्या स्वतंत्र कामात गढलेले आहेत. अधीक्षकांना किल्ली नकोच आहे. आपण कोणाला अडवितो आहोत याची त्यांना कल्पनाही नाही. प्रत्येकाने नियम पाळला, तरी परिणामतः प्राचार्य अधीक्षकांसाठी खोळंबले. उपायही उदाहरणातूनच सुचतो. प्राचार्य किल्लीसाठी थांबले आहेत असे कळताच, किल्ली परत करीपर्यंत लिपिकाला प्राचार्यांचा मान द्यावा. यालाच अग्रक्रम-वारसा म्हणतात.

ही अडचण पाथफाइंडरच्या काळी नवी नव्हती. झेरॉक्स कंपनीच्या ‘मेसा’ या भाषेतील समांतर कामांविषयीचा आपला अनुभव बटलर लॅम्प्सन आणि डेव्हिड रेडेल यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात अग्रक्रमांची अशी उलटापालट कशी होते याचे स्वच्छ वर्णन आहे व उपायही सुचविलेला आहे. त्यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठाशी संबंधित लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांचा शोधनिबंध सप्टेंबर १९९० मध्ये ‘आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन कॉम्प्युटर्स’ या नियतकालिकात आला. अग्रक्रम-वारसा आणि त्याचेच अधिक कडक रूप असलेली अग्रक्रम-मर्यादा या दोन पद्धतींनी खोळंब्याला गणिताने सिद्ध करता येईल अशी कमाल सीमा घालता येते, हे त्यांनी दाखविले. पाथफाइंडरवर वापरलेल्या ‘व्हीएक्सवर्क्स’ या कार्यप्रणालीत अग्रक्रम-वारशाची सोय होतीच. ‘विंड रिव्हर सिस्टीम्स’ या कंपनीने ही कार्यप्रणाली यानावरील संगणकासाठी मुद्दाम जुळवून दिली होती. थोडक्यात, रोगाचे निदान पुस्तकात होते आणि औषध यानावरच्या पेटीत होते.

यानावर प्रत्यक्ष काय घडले

पाथफाइंडरचे उड्डाणसॉफ्टवेअर कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत तयार झाले. त्याची जबाबदारी ग्लेन रीव्ह्ज यांच्याकडे होती. डिसेंबर १९९७ मध्ये त्यांनी या दोषाचे सविस्तर निवेदन लिहिले. पुढील वर्णन मुख्यतः त्यावर आधारलेले आहे.

यानावर संगणक एकच होता. त्याला जोडलेल्या ‘१५५३’ या मानकाच्या संदेशवाहिनीचे एक टोक प्रवासकालीन उपकरणांकडे, म्हणजे दिशा बदलणारी छोटी रॉकेटे, सूर्यवेधक, ताराशोधक यांच्याकडे गेलेले होते. दुसरे टोक लँडरवरील त्वरणमापक, उंची मोजणारे रडार आणि हवामानाची उपकरणे यांच्याकडे होते. या वाहिनीशी जोडणारी यंत्रसामग्री ‘कॅसिनी’ या शनीकडे जाणाऱ्या यानाच्या रचनेतून घेतली होती, आणि वाहिनीवरील व्यवहार सेकंदातून आठ वेळा ठरावीक ठोक्यावर चालवावयाचा ही पद्धत तिच्याबरोबरच आली. उसन्या घेतलेल्या यंत्राने सॉफ्टवेअरची चौकट आधीच ठरविली, ही बाब इतिहासाच्या दृष्टीने दुर्लक्षिण्याजोगी नाही. यानाच्या विकासखर्चावर १५ कोटी डॉलरची मर्यादा होती. अशा मोहिमेत जुनी सामग्री वापरणे ही अपरिहार्यता असते.

एक अष्टमांश सेकंदाच्या प्रत्येक आवर्तनात दोन टास्क आळीपाळीने चालत. ‘बीसी-शेड’ हा पुढील आवर्तनातील देवाणघेवाणीची मांडणी करी. ‘बीसी-डिस्ट’ हा आलेली माहिती ज्याला त्याला पोहोचवी. कार्यप्रणालीचा स्वतःचा एक टास्क वगळता बीसी-शेडचा अग्रक्रम सर्वोच्च होता. बीसी-डिस्ट क्रमाने तिसरा होता आणि दोघांच्या मध्ये अवतरणाचे नियंत्रण करणारा टास्क होता. दोघेही प्रत्येक आवर्तनात दुसऱ्याने आपले काम पुरे केले आहे की नाही हे तपासत. बहुतेक टास्कना माहिती सामायिक स्मृतीतील दुहेरी कप्प्यांतून मिळे. तेथे कुलपाचा प्रश्न उद्भवत नसे. अपवाद हवामानाच्या टास्कचा. ‘एएसआय-मेट’ नावाचा हा खालच्या अग्रक्रमाचा टास्क आपली माहिती ‘पाइप’ नावाच्या संदेशनलिकेतून घेई, आणि संदेश येण्याची वाट पाहण्यासाठी कार्यप्रणालीतील ‘सिलेक्ट’ ही सेवा वापरी. वाट पाहणाऱ्यांच्या यादीत दोघांनी एकदम फेरफार करू नये म्हणून ही सेवा आतल्या आत एक ‘म्यूटेक्स’, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारे कुलूप वापरते. हे कुलूप यानाच्या प्रोग्रामरांनी बनविलेले नव्हते. ते कार्यप्रणालीच्या पोटात होते, आणि मुळात त्याला अग्रक्रम-वारसा दिलेला नव्हता.

दोषाचा क्रम असा होता. एएसआय-मेटने सिलेक्ट सेवेला हाक दिली. तिने कुलूप घेतले आणि ते सोडण्याच्या बेतात असतानाच वरच्या टास्कने त्याला बाजूला सारले. मध्यम अग्रक्रमाचे अनेक टास्क चालू लागले. मग वाहिनीवरील व्यवहार संपला आणि बीसी-डिस्ट जागा झाला. हवामानाची ताजी माहिती नलिकेत टाकण्यासाठी त्याला तेच कुलूप हवे होते. ते मिळेना, म्हणून तो थांबला. मध्यम टास्क पुन्हा चालू झाले आणि एएसआय-मेटला संधी मिळालीच नाही. शेवटी पुढील आवर्तनाची मांडणी करण्यास बीसी-शेड उठला. बीसी-डिस्टचे काम अपुरे असल्याचे त्याला आढळले. ही मुदत अनुल्लंघनीय मानलेली असल्याने त्याने त्रुटी घोषित केली आणि सारी यंत्रणा पुन्हा सुरू करण्यात आली.

पुनरारंभाने यानाचे प्राण धोक्यात येत नव्हते. आधी गोळा झालेली माहितीही जात नव्हती. मात्र त्या दिवसासाठी पृथ्वीवरून पाठविलेल्या आज्ञांपैकी उरलेल्या सर्व रद्द होत आणि ती कामे दुसऱ्या दिवसावर जात. यानाची नियोजित कालमर्यादा महिनाभराचीच होती, हे ध्यानी घेता वाया जाणाऱ्या एकेका दिवसाचे मोल कळते.

दोन निवेदने

आता प्रचलित कथेच्या उगमाकडे वळू. डिसेंबर १९९७ च्या प्रारंभी सॅन फ्रान्सिस्को येथे वास्तवकालीन प्रणालींवरील आयईईईचे वार्षिक चर्चासत्र भरले. तेथे विंड रिव्हरचे मुख्य तंत्रज्ञानाधिकारी डेव्हिड विल्नर यांचे बीजभाषण झाले. श्रोत्यांत असलेले मायक्रोसॉफ्टमधील संशोधक माइक जोन्स यांनी त्या भाषणाचा सारांश लिहून सहकाऱ्यांना पाठविला. १९९० च्या निबंधाचे तिन्ही लेखक सभागृहात उपस्थित होते व श्रोत्यांनी त्यांचा गौरव केला, हेही त्यात नोंदलेले आहे. हा सारांश हातोहाती सर्वत्र पसरला. रीव्ह्ज यांनी आपले निवेदन लिहिले ते तो वाचून, त्यातील काही गोष्टी दुरुस्त कराव्यात या हेतूने. म्हणजे मूळ घटना, तिच्यावरील भाषण, भाषणाचे टिपण आणि टिपणावरील खुलासा अशी साधनांची उतरंड येथे आहे. अध्यापनात रूढ झाली ती बव्हंशी तिसऱ्या पायरीवरची कथा.

दोहोंतील फरक ठळक आहेत. टिपणात कुलूप ‘माहितीवाहिनी’चे आहे आणि मधला टास्क संदेशवहनाचा आहे, रीव्ह्ज यांच्या मते कुलूप सिलेक्ट सेवेतील होते आणि मधले टास्क अनेक होते. टिपणात पुनरारंभाची आज्ञा पहारेकरी घड्याळ देते; खुलाशात ती बीसी-शेडच्या तपासणीतून निघते. टिपणानुसार कार्यप्रणालीतील सी भाषेचा दुभाषी यानावर योगायोगानेच चालू राहिला होता आणि त्याच्यामार्फत एक छोटा प्रोग्राम चालवून चलांच्या किमती बदलल्या. रीव्ह्ज दोन्ही गोष्टी नाकारतात : दोषशोधनाच्या सुविधा विचारपूर्वक ठेवल्या होत्या, आणि दुरुस्ती वेगळ्या व काटेकोर पद्धतीने झाली. काही पाठ्यपुस्तकांतून व व्याख्यानांतून कथा आणखी घसरली आहे. तेथे दोष सोजर्नर या गाडीच्या संगणकात दाखविला जातो. वस्तुतः गाडीवर इंटेलचा ८०सी८५ हा साधा प्रक्रियक होता आणि तिचा या प्रसंगाशी संबंध नव्हता. दोष लँडरवरील संगणकात होता.

रीव्ह्ज यांचे निवेदन समकालीन व प्रत्यक्ष सहभागी व्यक्तीचे असल्यामुळे तांत्रिक तपशिलासाठी तेच ग्राह्य मानले पाहिजे. पण ते स्वतःच्या कामाचे समर्थन करणाऱ्याचे निवेदन आहे, ही जाणीव सुटता कामा नये. विल्नर यांचे भाषणही ज्या कंपनीची कार्यप्रणाली वापरली गेली तिच्या अधिकाऱ्याचे होते. दोन्ही साधने हितसंबंधांपासून मुक्त नाहीत. तरीही स्वतःच्या बाजूने गैरसोयीची ठरू शकेल अशी एक बाब रीव्ह्ज मोकळेपणाने सांगतात, आणि तीच या लेखाचा गाभा आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी दुरुस्तीचा वृत्तान्त पाहणे सोयीचे होईल.

शोध आणि दुरुस्ती

कार्यप्रणाली जुळवून घेण्याच्या सुरुवातीच्या काळात तिच्यातील एक दोष पकडण्यासाठी प्रयोगशाळेने घटनानोंदीचे एक साधन बनविले होते. विंड रिव्हरच्या अभियंत्यांनी त्याचा विस्तार करून संदेशनलिका, संदेशरांगा, व्यत्ययांची हाताळणी आणि सिलेक्ट सेवा यांतील घटना त्यात टिपल्या जातील अशी व्यवस्था केली. ही नोंद वर्तुळाकार साठ्यात सतत चालू राही. जुन्या नोंदी पुसल्या जात आणि नव्या त्यांची जागा घेत. बीसी-शेडला ही विशिष्ट त्रुटी आढळली तर त्याने नोंद थांबवून साठा बाहेर टाकावा, अशी तरतूदही आधीपासूनच होती. मंगळावरून एवढी माहिती पाठविणे शक्य नव्हते. म्हणून उड्डाणात तिचा थेट उपयोग नव्हता. तरीसुद्धा ती काढून टाकली नव्हती, कारण जे तपासले तेच उडवावे आणि जे उडवावयाचे तेच तपासावे, हे त्या गटाचे तत्त्व होते. वर म्हटल्याप्रमाणे साधन काढून टाकले असते तर घटनांचा क्रम बदलला असता. म्हणून हे तत्त्व येथे केवळ शिस्तीचे नव्हते, तर तर्काने आवश्यक होते.

मंगळावर दोष उद्भवल्यावर प्रयोगशाळेतील प्रतिकृतीवर तीच कामे पुनःपुन्हा चालविण्यात आली. सॉफ्टवेअरमध्ये काहीही बदलावे लागले नाही. अठरा तासांच्या आत दोष प्रकट झाला. जोन्स यांच्या टिपणात यासंबंधी एक मानवी तपशील आहे : बाकीचे घरी गेल्यानंतर पहाटे एकट्याच उरलेल्या अभियंत्यासमोर पुनरारंभ घडला. नोंद समोर येताच विपर्यास उघड झाला.

उपाय एका ओळीत सांगता येतो : कुलूप तयार करताना अग्रक्रम-वारसा चालू करावयाचा. पण त्या ओळीमागचा विचार मोठा होता. कुलपाचे गुणधर्म एका सामायिक चलातून ठरत असल्याने बदल केवळ हवामानाच्या टास्कपुरता राहणार नव्हता; सिलेक्ट सेवेच्या इतर उपयोगांवरही तो लागू होणार होता. त्याने गतीवर काय परिणाम होईल आणि अन्यत्र काही बिघडेल काय, याची विंड रिव्हरकडे चौकशी करून व चाचण्या घेऊनच तो मान्य करण्यात आला. त्यानंतर यानावरील आणि पृथ्वीवरील सॉफ्टवेअरमधील फरक तेवढा पाठविण्यात आला, आणि अनेक पडताळण्या करणाऱ्या यानावरील खास प्रोग्रामने मूळ प्रतीत तो बदल केला. त्या काळात संदेश मंगळापर्यंत पोहोचण्यास दहा मिनिटांहून अधिक काळ लागत होता. चूक झाली असती तर ती कळण्यासही तितकाच काळ लागला असता. कळफलकावर एक शब्द बदलला आणि झाले, असे हे काम नव्हते.

आधी दिसलेला दोष

रीव्ह्ज सांगतात, की हा दोष अवतरणापूर्वी पृथ्वीवरील चाचण्यांत दिसला होता. त्याचा माग काढू गेल्यावर तो पुन्हा घडेना. तो विसरला गेला नाही. पण अवतरणाचे सॉफ्टवेअर निर्दोष करण्याला वरचा अग्रक्रम होता, याला खालचा, आणि खालच्या अग्रक्रमाची कामे संपण्यापूर्वी वेळ संपला. दुसरी बाब अशी, की चाचण्या ‘उत्तम परिस्थिती’ गृहीत धरून झाल्या होत्या. प्रत्यक्षात मंगळावरून माहिती पाठविण्याचा वेग अपेक्षेहून अधिक मिळाला, विज्ञानाची कामे त्या प्रमाणात वाढली, मध्यम टास्कवरील भार वाढला आणि दोष घडण्याची शक्यताही वाढली. मोहीम कल्पनेपलीकडे यशस्वी झाली तर काय होईल, याची चाचणी कोणी घेतली नव्हती.

येथे ‘विसरलेली खबरदारी’ ही कथा टिकत नाही. निर्णय झाला होता आणि तो सकारण होता. दोष घडला तर यान पुनरारंभ करील, आणि पुनरारंभ सोसण्याची क्षमता त्यात हेतुपूर्वक ठेवलेली होती. मंगळाच्या वातावरणातून खाली येताना एकाहून अधिक पुनरारंभ झाले तरी अवतरण पार पडावे, अशी रचना करून ती तपासली होती. उतरताक्षणी रेडिओचा ग्राहक निकामी झाला असता तरी साठ दिवसांचा कार्यक्रम यानाने स्वतःच पार पाडला असता. या सुरक्षेच्या भरवशावरच अशा दोषांना खाली ढकलता आले, आणि आमचे अग्रक्रम योग्यच होते, असा रीव्ह्ज यांचा निष्कर्ष आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते हा निष्कर्ष बव्हंशी मान्य होण्यासारखा आहे. अवतरण एकदाच होणार होते. तेथील चुकीला दुसरा दिवस नव्हता. हवामानाच्या टास्कमुळे होणाऱ्या पुनरारंभाला दुसरा दिवस होता. मर्यादित मनुष्यबळ व मर्यादित वेळ असताना याहून वेगळी वाटणी करावयास हवी होती असे म्हणणे हे पश्चात्बुद्धीचे लक्षण ठरेल. तरी एक शंका उरते. पुनरारंभ सोसता येतो ही खात्री असली, की पुनरारंभ का होतो याचा पाठपुरावा सैल पडतो. सुरक्षेची जी तरतूद यानाला वाचविते, तीच दोषाला लपण्यास जागाही देते. शिवाय एखादा दोष ‘खालच्या अग्रक्रमाचा’ ठरविताना त्याचा परिणाम कोणत्या कामावर होईल याचा अंदाज गृहीत धरलेला असतो, आणि खालचे काम वरच्याला अडवू शकते हेच तर अग्रक्रम-विपर्यासाचे स्वरूप आहे. हवामानाचा टास्क अखेरपर्यंत खालच्याच श्रेणीत राहिला. दि. २७ सप्टेंबर १९९७ रोजी यानाशी शेवटचा संपर्क होईपर्यंत वायुदाब, तापमान आणि वारा यांची सुमारे ८५ लाख मापने मिळाली, ती त्याच उपकरणांतून.

ही शंका निराधार नव्हती, असे पुढील मोहिमेच्या वृत्तान्तावरून म्हणता येते. जानेवारी २००४ मध्ये ‘स्पिरिट’ ही गाडी मंगळावर उतरली. तिचीही कार्यप्रणाली व्हीएक्सवर्क्स होती आणि तिच्या उड्डाणसॉफ्टवेअरच्या रचनेतही रीव्ह्ज यांचा प्रमुख वाटा होता. दि. २१ जानेवारी रोजी तिचा संपर्क तुटला. प्रवासकाळापासून साठत गेलेल्या फाइलींची सूची सांभाळण्यासाठी लागणारी स्मृती तिला राखून दिलेल्या जागेत मावेनाशी झाली होती. त्रुटी आढळताच संगणकाने ठरल्याप्रमाणे पुनरारंभ केला. पण प्रत्येक पुनरारंभात तो फ्लॅश स्मृतीतील तीच फाइलव्यवस्था पुन्हा उघडू पाही आणि पुन्हा त्याच त्रुटीवर येऊन ठेचकाळे. रात्री झोपी जाण्याऐवजी गाडी जागीच राहिली आणि बॅटरीतील वीज उतरू लागली. येथे विपर्यास अग्रक्रमांचा नव्हता. ज्या उपायावर भिस्त होती तोच उपाय आता हानी करीत होता. फ्लॅश स्मृतीला हात न लावता सुरू होण्याची आज्ञा पृथ्वीवरून देण्याची सोय मात्र ठेवलेली होती. ती आज्ञा पोहोचल्यावर संगणक ताब्यात आला, साठलेल्या फाइली काढून टाकण्यात आल्या आणि फेब्रुवारीत ती फाइलव्यवस्था नव्याने बांधण्यात आली. तीन महिन्यांच्या कामासाठी पाठविलेली स्पिरिट त्यानंतर मार्च २०१० पर्यंत संदेश पाठवीत राहिली.